पोत्यातली घेटुळी

सुशीलाबाई गजभिये यांनी तो कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा खुर्ची ओढून, बसून. प्राचार्यांच्या ऑफिसात प्रयोगशाळेच्या अटेंडंटने खुर्चीत बसायची पद्धत नव्हती. पण कागद तीन परिच्छेदांचा होता आणि गुडघे बावन्न वर्षांचे.

कागद त्यांच्याच नावाने लिहिलेला होता. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुताना माझ्याकडून हलगर्जीपणा झाला, साबणाचा अंश राहिल्यामुळे संशोधनाचे निष्कर्ष बिघडले, त्याबद्दल मी दिलगीर आहे, आणि माझी बदली ग्रंथालयात करण्यास माझी हरकत नाही. खाली सहीसाठी टिंबांची ओळ.

"हे मी कधी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून आम्हीच टाइप करून ठेवलं," हेडक्लार्क श्यामसुंदर म्हणाला. त्याने पेनाचं टोपण काढूनच पेन पुढे धरलं होतं.

"माफी माझी आहे ना? मग त्रासही मलाच होऊ द्या," असं म्हणून सुशीलाबाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि त्या उठल्या. पेन श्यामसुंदरच्या हातातच राहिलं.

हे मार्च २००२ मधलं. स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या त्या फार्मसी कॉलेजात सुशीलाबाईंना तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मूळच्या त्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडच्या. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा सहा वर्षांची सुशीला त्यांच्या खांद्यावर बसलेली होती. तिला त्यातलं आठवत होतं ते एवढंच, की गर्दीत तिची एक चप्पल पडली आणि बाप म्हणाला, राहू दे, आज मागं वळायचं नाही. लग्न होऊन ती पुण्याला आली. नवरा रामदास हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होता. काविळीने तो गेला तेव्हा मुलगी रुपाली तीन वर्षांची होती. त्याच साली सुशीलाबाई या कॉलेजात लागल्या, आणि रात्रशाळेत बसून मॅट्रिकही झाल्या.

काम भांडी धुण्याचं. पण औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत भांडी धुणं म्हणजे घरच्यासारखं खरकटं काढणं नव्हे. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी तीनदा, शेवटी अॅसिटोन. उजेडात धरल्यावर काचेवर थेंब अडकला नाही, पाण्याचा सलग पडदा सरकत खाली गेला, तर भांडं स्वच्छ. हे त्यांना पहिल्याच वर्षी एका जुन्या सरांनी शिकवलं होतं. बाकीचं त्या बघून शिकल्या. वनस्पतीची पूड द्रावकात उकळत ठेवून अर्क कसा काढायचा, काचेच्या उभ्या नळीत पांढरी सिलिका कशी भरायची, त्यात हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, वरून अर्क ओतला की त्यातले घटक वेगवेगळ्या वेगाने खाली कसे उतरतात, आणि ते एकेक परीक्षानळीत कसे धरायचे. एम.फार्म.ची मुलं सरांना विचारायला घाबरत ते या मावशींना विचारत.

कल्याणी पटवर्धन त्यांतलीच. सदाशिव पेठेतली, हुशार, बोलायला हळू. तिच्या वर्गातली निम्मी मुलं तोवर कॉम्प्युटरचा कोर्स करून हैदराबाद, बंगळूर, अमेरिकेला पांगली होती. ही मात्र पीएच.डी.ला राहिली आणि विषय घेतला पुनर्नवा. तिच्यातला सूज उतरवणारा नेमका घटक कोणता, तो वेगळा काढायचा आणि उंदरांवर तपासायचा.

"पुनर्नवा म्हणजे आमची घेटुळी," सुशीलाबाई तिला म्हणाल्या होत्या. "आम्ही भाजी खाल्ली तिची. तळजाईच्या उतारावर हवी तेवढी आहे."

दोन हजार सालच्या सप्टेंबरात कल्याणी तापाने पडली होती, म्हणून दोन रविवार सुशीलाबाई एकट्याच गेल्या, मुळांसकट रोपं उपटून आणली, धुतली, गच्चीवर सावलीत वाळवली. त्या पुडीच्या अर्कातून जे वेगळे भाग निघाले त्यांतल्या तिसऱ्याने काम केलं. उंदराच्या पंजाला औषध टोचून मुद्दाम सूज आणायची, आणि पाऱ्याच्या नळीत पंजा बुडवून ती किती उतरली ते मोजायचं, अशी ती परीक्षा. तिसरा भाग दिलेल्या उंदरांची सूज निम्म्याहून जास्त उतरली. त्याच भागाचा थेंब पांढऱ्या लेपाच्या काचपट्टीवर चढवून यूव्ही दिव्याखाली धरला, की मधोमध एक निळा ठिपका चमकायचा. कल्याणीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने सगळ्यात आधी सुशीलाबाईंना हाक मारली होती.

तिचे गाईड, विभागप्रमुख डॉ. दिग्विजय घोरपडे, यांनी तो ठिपका परिषदेत नेला. एक औषध कंपनी चौकशीला आली. करार झाला, पेटंटची भाषा सुरू झाली. मग माल जास्त लागणार म्हणून सरांनी बाजारातून पन्नास किलो पुनर्नवा मागवली. पोती आली, दळली गेली, अर्क निघाला. तोच प्रयोग, तेच हात. पण निळा ठिपका दिसेना. उंदरांची सूज उतरेना. एकदा, दोनदा, तीनदा. डिसेंबरपासून करता करता मार्च उजाडला, कंपनीचे फोन रोज येऊ लागले, आणि मग सरांनी कारण शोधलं.

"एवढी वर्षं झाली, पण स्वच्छता म्हणजे काय हे काही लोकांना कळत नाही ते नाहीच," ते विभागाच्या बैठकीत म्हणाले. सुशीलाबाई तेव्हा दाराशी चहाचे कप गोळा करत होत्या. 'काही लोक' कोण, हे त्या खोलीत कुणालाच विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मेमो आला आणि त्यापाठोपाठ तो टाइप केलेला माफीनामा.

सुशीलाबाईंनी माफीनाम्यावर सही केली नाही. त्याऐवजी स्वतःच्या हस्ताक्षरात उत्तर लिहिलं आणि नेऊन दिग्विजय सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं: माझ्या हातची धुतलेली भांडी घ्यावी आणि दुकानातून आणलेली कोरी भांडी घ्यावी. दोन्हींत एकच प्रयोग करावा. कोऱ्या भांड्यांत ठिपका दिसला तर मी सही करीन. तोवर करणार नाही.

सरांनी वाचलं. "म्हणजे प्रयोग कसे करायचे ते आता अटेंडंट शिकवणार."

"शिकवत नाही, सर. विचारते आहे. करून बघायला काय हरकत आहे?"

"हरकत अशी की माझ्याकडे वाया घालवायला वेळ नाही. उद्यापासून निर्णय होईपर्यंत तुम्ही ग्रंथालयात बसा. किल्ल्या इथे ठेवा."

"ते लेखी द्या, सर. किल्ल्या मी लेखी घेतल्या होत्या."

त्यांनी ते दिलं, चिडून, दोन ओळींत. सुशीलाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि त्याची पोच घेतली.

ग्रंथालयात त्यांना एक स्टूल मिळालं आणि काम काहीच नाही. चौथ्या दिवशी कल्याणी आली. पुस्तक शोधल्यासारखं करत त्यांच्याजवळच्या कपाटापाशी उभी राहिली.

"मावशी, मी करून बघितलं," ती पुस्तकांच्या पाठींकडे बघत म्हणाली. "नवी भांडी आणली. दोन्हींत केलं."

"मग?"

"कशातच नाही. तुमच्या भांड्यांतही नाही आणि कोऱ्यांतही नाही."

"म्हणजे भांड्यांचा दोष नाही."

"नाही."

"मग हे सरांना लेखी द्या."

कल्याणीने एक पुस्तक ओढून परत आत ढकललं. मग म्हणाली, "मावशी, सर माझे गाईड आहेत. तीन वर्षं गेलीत माझी."

"हाव, ठाऊक आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. राग आला की त्यांच्या तोंडी भंडाऱ्याची बोली यायची. "माझी बावीस गेलीत."

त्या रविवारी बिबवेवाडीत अप्पर वस्तीतल्या घरी रुपाली ऑफिसचे कपडे इस्त्री करत होती. ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती. आईचा हा हट्ट तिला पसंत नव्हता.

"आई, सही करून टाक ना. ग्रंथालयात बसून तर पगार मिळतो. आठ वर्षं राहिलीत. कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं?"

"लोकांच्या डोळ्यांवर मी जन्मापासून आहे. त्यात नवीन काय?"

रुपाली हसली नाही. इस्त्री बाजूला उभी करून तिने विचारलं, "बरं, मला नीट सांग. आधी चालत होतं आणि आता चालत नाही, असंच ना? आमच्याकडे असं झालं की कुणी धुतलं आणि कुणी पुसलं हे विचारत नाहीत. आधी विचारतात, मागच्या वेळेपेक्षा बदललं काय."

सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. भांडी तीच, द्रावक त्याच कंपनीचं, सिलिका त्याच डब्यातली, मुलगी तीच. त्यांचा हात तांदळात थांबला.

"घेटुळी," त्या म्हणाल्या. "पहिली मी उपटून आणली होती. दुसरी पोत्यातून आली."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या सरळ कोठीकडे गेल्या. कोठीचा हिंमतराव डबा उघडून बसला होता. तो अवघडला.

"मावशी, तुमच्यावर मेमो आहे. तुम्हाला आत सोडलं तर माझ्यावर यायचं."

"मेमो भांड्यांचा आहे, हिंमतराव. पोत्याचा नाही. वाचून बघा हवं तर." त्यांनी पर्समधून मेमो काढून त्याच्यासमोर धरला. हिंमतरावने तो खरंच वाचला, घास गिळला आणि किल्ली दिली.

कोपऱ्यात एक पोतं न दळलेलं उरलं होतं. सुशीलाबाईंनी वर्तमानपत्र अंथरलं आणि पोतं तळापासून उलटं केलं. वाळलेल्या काड्या, पानांचा चुरा, माती. त्यांनी बोटांनी चुरा बाजूला सारला. तळाशी बारीक काळं बी होतं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, खरबरीत. त्या ते तळहातावर घेऊन दारातल्या उजेडात गेल्या.

घेटुळीचं बी असं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. घेटुळीच्या रानातून चालून आलं की लुगड्याच्या काठाला हिरवट, कंगोरे असलेले लांबट दाणे चिकटून यायचे. त्यांची आई गोदाबाई भाजी खुडताना ते रोज झाडायची. हे काळं बी वेगळ्याच झाडाचं. मिरचीच्या वाफ्यात माजणारं, तसंच जमिनीलगत पसरणारं, जोडीतलं एक पान तसंच मोठं, एक लहान, पण पान मांसल. विषखापरा. दुष्काळात त्याची भाजी खाऊन अख्ख्या घराला हगवण लागली होती.

कॉलेजच्या मागच्या गटाराकाठी मार्चच्या उन्हातही घेटुळी तग धरून होती. त्यांनी एक फांदी खुडली, ग्रंथालयातल्या चहाच्या दोन बशा घेतल्या, दोन्हींत पाणी घातलं. एकीत घेटुळीचे दाणे टाकले, दुसरीत काळं बी. पाच मिनिटांत पहिल्या बशीतले दाणे बुळबुळीत होऊन बोटाला चिकटायला लागले. दुसऱ्या बशीतलं बी जसं होतं तसं राहिलं.

त्यांनी कल्याणीला बोलावून बशा दाखवल्या. कल्याणीने दोन्हींत बोट बुडवलं. अंगठ्याने ते बोट चोळून पाहिलं. मग तिने विचारलं, "हे आधी कुणीच कसं बघितलं नाही?"

"बिलावर पुनर्नवा लिहिलं होतं. बिल सगळ्यांनी बघितलं."

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने वनस्पती ओळखून देणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या शैलाताईंनी भिंगाखाली बी धरलं, काडी चिरली, मग कपाटातून दोन जुने कागद काढले. प्रत्येकावर एक वाळलेलं रोप चिकटवलेलं होतं.

"बरोबर ओळखलंत," त्या सुशीलाबाईंना म्हणाल्या. "बाजारात दोन्ही पुनर्नवा म्हणूनच विकतात. व्यापारी लबाडच असेल असं नाही, त्यालाही फरक ठाऊक नसेल. पण तुम्ही पहिल्या मालाचं एक रोप दाबून, चिकटवून ठेवलं असेल ना? ते नियमानेच ठेवावं लागतं."

कल्याणीचा चेहरा उतरला. "सर म्हणाले होते, ते नंतर बघू."

"मग नंतर हे असं होतं," शैलाताई म्हणाल्या आणि लेटरहेडवर ओळखीचा दाखला लिहून दिला.

परत येताना रिक्षात कल्याणीने तो दाखला आपल्या हातात घेतला. "हा मी देते सरांना," ती म्हणाली. "माझ्या प्रयोगाच्या कागदांसकट." बोलली ती ठरवून. सुशीलाबाईंनी तिला शाबासकी दिली नाही. दाखला वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आपली पर्स ठेवली, एवढंच.

सरांनी कागद ठेवून घेतले आणि काहीच केलं नाही. शुक्रवारी कंपनीची दोन माणसं प्राचार्यांच्या दालनात आली, तेव्हा सरांनी त्यांना सांगायला सुरुवात केली की धुलाईच्या स्तरावर थोडी चूक झाली होती, संबंधितांवर कारवाई चालू आहे. दार उघडं होतं. सुशीलाबाई ट्रे घेऊन आत आल्या. ट्रेमध्ये चहा नव्हता, दोन बशा होत्या. मागे कल्याणी होती.

"सुशीलाबाई, बाहेर थांबा," सर म्हणाले.

"संबंधित मीच आहे, सर. माझ्याबद्दल चाललंय तर मी आतच बरी." त्यांनी ट्रे प्राचार्यांसमोर ठेवला. "साहेब, बोट बुडवून बघा. मग मला बाहेर काढा."

प्राचार्य नागोराव देशमुख नेमस्त माणूस. बाहेरच्या माणसांसमोर तमाशा नको म्हणून असेल, किंवा खरंच कुतूहल वाटलं म्हणून असेल, त्यांनी बोट बुडवलं. कंपनीतल्या बाईंनीही बुडवलं. मग कल्याणीने दाखला वाचून दाखवला, आणि न विचारता पुढचंही सांगितलं: "मी कोऱ्या भांड्यांत प्रयोग करून पाहिला होता. मावशींच्या धुण्यात दोष नव्हता. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"याबद्दल नंतर बोलू," दिग्विजय सर तिला म्हणाले.

"नंतर कशाला?" कंपनीतल्या बाई म्हणाल्या. "खरी वनस्पती आणा आणि पुन्हा करा. आम्हाला तेवढंच हवंय."

एप्रिलमध्ये पुन्हा प्रयोग झाला. घेटुळी सुशीलाबाईंनीच आणली, या वेळी कल्याणी बरोबर होती, आणि एक रोप दाबून, चिकटवून, शैलाताईंकडे जमा झालं. संकलक म्हणून त्या कागदावर पूर्ण नाव पडलं: सुशीला रामदास गजभिये. तिसऱ्या भागातला ठिपका निळा चमकला, आणि उंदरांची सूज उतरली. दिव्याच्या खोलीतून कल्याणी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. सुशीलाबाई तेव्हा ग्रंथालयातच बसलेल्या होत्या, कारण किल्ल्या काढून घेतल्याचं पत्र कुणी रद्द केलेलं नव्हतं.

तो घटक पुढे शुद्ध करून तपासला, तर तो जगाला आधीच माहीत असलेला निघाला. दुसऱ्या देशात कुणीतरी त्याच्यावर लिहूनही ठेवलं होतं. पेटंट झालं नाही, कंपनी निघून गेली. कल्याणीला पीएच.डी. मात्र मिळाली, कारण तिने प्रबंधात चुकलेल्या पोत्याचं प्रकरण गाळलं नाही. परीक्षकाने नेमकं त्याच प्रकरणावर तासभर विचारलं आणि शेवटी ते छापायला सांगितलं.

मेमोचं तेवढं राहिलं होतं. मे महिन्यात किल्ल्या परत मिळाल्या, तोंडी. सुशीलाबाई ऑफिसात गेल्या.

"विषय संपला ना, बाई," श्यामसुंदर म्हणाला. "आता कशाला उकरून काढता?"

"मेमो कागदावर आला होता. माघारही कागदावर येऊ द्या."

"अशी पद्धत नाही."

"मग ती सुरू करा."

त्यांनी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी दुसरा दिला. रुपालीने ऑफिसात टाइप करून दिले, प्रत्येक अर्जावर आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून. आईच्या हट्टाला नाक मुरडणारी रुपाली सातव्या अर्जापासून स्वतःच तारखा लक्षात ठेवू लागली. अकरावा अर्ज गेला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. नोव्हेंबरात एका ओळीचं पत्र आलं: सदर ज्ञापन मागे घेण्यात येत आहे. कारण लिहिलेलं नव्हतं, दिलगिरीही नव्हती. सुशीलाबाईंनी ते सहीने घेतलं आणि श्यामसुंदरला म्हणाल्या, "बघा, टाइप करता येतं की तुम्हाला."

त्यानंतर आठ वर्षं त्या त्याच प्रयोगशाळेत राहिल्या. नव्या नियमाने कुठलीही वनस्पती आत येण्याआधी तिचं रोप ओळख पटवून जमा करायचं होतं. नियम कागदावर सरांच्या नावाने निघाला, पाळायचं काम सुशीलाबाईंकडे आलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एकदा हमाल दोन पोती घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, घोरपडे साहेबांनी पाठवलीत, लगेच दळायला सांगितलंय.

"दाखला कुठाय?"

"साहेबांचंच पोतं आहे, मावशी."

"असू दे. तिथंच टेकव."

सर स्वतः आले. तोवर ते उपप्राचार्य झाले होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या आणि उठल्या नाहीत.

"घाईचं काम आहे," ते म्हणाले.

"ओळख पटवायला दोन दिवस लागतात, सर. उघडू का पोतं, की परत पाठवू?"

सरांनी घड्याळात पाहिलं. मग त्यांनी हमालाला पोत्याचं तोंड सोडायला सांगितलं.

सुशीलाबाईंनी चष्मा लावला, वर्तमानपत्र अंथरलं आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाशी काय आहे ते वर काढायला.